स्टॅनली-ब्राउन सुरक्षा योजना: महाविद्यालयीन समुपदेशनात वापरल्या जाणाऱ्या एका फॉर्मचे परीक्षण

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या समुपदेशन केंद्रात ज्येष्ठ पदावर काम करणाऱ्या व्यक्तीकडे स्वतःचे विद्यार्थी असतातच, शिवाय नव्याने रुजू झालेले सहकारी ज्यांच्याबद्दल धास्तावलेले असतात अशा विद्यार्थ्यांबाबतचे निर्णयही शेवटी तिच्याकडेच येतात. त्यांतला सर्वांत अवघड निर्णय असा असतो: एखाद्या विद्यार्थ्याने जगणे नकोसे झाल्याचे सांगितले आहे, त्याला तातडीने रुग्णालयात दाखल करावे इतका धोका तपासणीत दिसलेला नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासात तो खोलीबाहेर पडणार आहे. त्याने जाताना सोबत काय न्यावे? या प्रश्नाची जी लेखी उत्तरे आमच्या क्षेत्रात उपलब्ध आहेत, त्यांत स्टॅनली-ब्राउन सुरक्षा योजना हा एका पानाचा फॉर्म मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मात्र तो ज्या घाईने भरला जातो ती पाहून त्याचे सविस्तर परीक्षण लिहिणे मला आवश्यक वाटले. माझे मत आधीच सांगते: हा फॉर्म प्रत्येक केंद्रात असावा, पण ज्या केंद्राला पाठपुराव्यासाठी माणूस नेमता येत नाही, त्याने आपल्याकडे सुरक्षा योजनेची सोय आहे असे म्हणू नये.

हा फॉर्म कोलंबिया विद्यापीठातील बार्बरा स्टॅनली आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी तयार केला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेसाठी त्यांची पुस्तिका २००८ मध्ये निघाली आणि पद्धतीची सविस्तर मांडणी करणारा लेख २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी ‘मी स्वतःला इजा करणार नाही’ असे वचन लिहून घेण्याची रीत अनेक ठिकाणी होती. तिचे मूळ १९७३ मधील एका लेखापर्यंत जाते. अशा वचनाने जीव वाचतात याचा ठोस पुरावा पुढे आलेला नाही. उलट याच जातकुळीतील दुसऱ्या एका संकटकालीन योजनेची वचनपत्राशी तुलना ९७ सैनिकांच्या अभ्यासात झाली, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत योजना मिळालेल्यांमध्ये पुढील सहा महिन्यांत आत्महत्येचे प्रयत्न ७६ टक्क्यांनी कमी आढळले. विद्यार्थ्यांच्या बाबतीत वचन मला विशेष घातक वाटते. सही केलेल्या विद्यार्थ्याच्या मनात ते विचार पुन्हा आले तर आपण शब्द मोडला असे त्याला वाटते आणि तो पुढच्या भेटीत ते सांगायला कचरतो, किंवा भेटीलाच येत नाही. काय करू नये एवढेच वचन सांगते. त्या रात्री काय करावे याबद्दल त्यात एक अक्षरही नसते.

स्टॅनली आणि ब्राउन यांचा फॉर्म नेमका तिथून सुरू होतो. त्याच्या सहा पायऱ्या आहेत. पहिलीत संकट जवळ येत असल्याच्या स्वतःच्या खुणा लिहायच्या. दुसरीत कोणालाही न बोलावता मन दुसरीकडे नेण्याचे उपाय. तिसरीत मन रमेल अशी माणसे आणि ठिकाणे. चौथीत ज्यांच्याकडे मदत मागता येईल अशी माणसे. पाचवीत व्यावसायिक मदत आणि तातडीच्या सेवा. आणि सहावीत परिसर सुरक्षित करण्यासाठी काय करायचे ते. एका पायरीने भागले नाही तर पुढची चढायची, आणि धोका फार वाढला असे वाटले तर मधल्या सोडून थेट पाचवीवर जायचे. या रचनेमागे एक साधे निरीक्षण आहे. आत्महत्येची तीव्र इच्छा एकाच पातळीवर टिकून राहत नाही. ती चढते आणि ओसरते. ती चढलेली असताना नवे मार्ग सुचत नाहीत, म्हणून ते मन त्यामानाने शांत असताना ठरवून, लिहून ठेवायचे.

फॉर्मचे खरे बळ पहिल्या पायरीत आहे, आणि सर्वाधिक हेळसांडही तिचीच होते. ‘टेन्शन येते’, ‘उदास वाटते’ असे दोन शब्द लिहिले की रकाना भरतो. पण परीक्षेच्या आठवड्यात हे प्रत्येकालाच वाटते, त्यामुळे या शब्दांवरून विद्यार्थ्याला आपण धोक्याच्या वाटेवर आहोत की नेहमीच्या ताणात आहोत हे ओळखता येत नाही. उपयोगी खूण ही इतकी नेमकी असते की ती दिसल्यावर शंका उरत नाही. वर्गाच्या ग्रुपवरचे संदेश न वाचताच पुसून टाकायला सुरुवात होणे, घरून आलेला फोन हातात असूनही तो वाजून बंद होईपर्यंत नुसता पाहत राहणे, सकाळचे प्रात्यक्षिक सलग बुडवणे आणि त्याचे कारण कोणाला न सांगणे, ‘मी नसलो तर यांचा खर्च तरी वाचेल’ हे वाक्य मनात येणे: या नोंदी विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून वेगवेगळ्या रूपांत येत राहतात, आणि त्या कोणा एकाच्या नाहीत. अशा खुणा प्रश्न विचारून मिळत नाहीत. त्या मिळतात मागच्या संकटाची हकीगत सुरुवातीपासून सांगायला लावल्यावर. त्या दिवशी सकाळी काय झाले, मग काय केले, कोण भेटले, खोलीत कधी परतलात, केव्हापासून ते विचार सुरू झाले असे विचारत गेले की विद्यार्थी स्वतःच मध्ये थांबून म्हणतो, ‘खरे तर तेव्हापासूनच सुरू झाले होते.’ ती जागा त्याच्याच शब्दांत लिहायची. मूळ लेखातही रुग्णाचे स्वतःचे शब्द वापरण्यावर भर आहे. म्हणून मी आग्रह धरते की पेन विद्यार्थ्याच्या हातात असावे आणि समुपदेशकाने समोर न बसता शेजारी बसावे.

दुसऱ्या पायरीबद्दल एकच गंभीर तक्रार आहे आणि तिचा दोष फॉर्मकडे कमी व वापरणाऱ्यांकडे अधिक जातो. विद्यार्थी जवळजवळ हमखास मोबाईलशी संबंधित काहीतरी लिहितात. गाणी ऐकणे, मालिका पाहणे, रील पाहत राहणे हे मन दुसरीकडे नेणारे उपाय आहेत हे खरे. पण ज्याच्या संकटाची सुरुवातच दुसऱ्यांची छायाचित्रे आणि निकाल पाहताना होते, त्याच्या हातात रात्री दोन वाजता पुन्हा तेच उपकरण देणे योग्य नाही. योजना करताना प्रत्येक उपायाबाबत ‘त्या वेळी हे प्रत्यक्षात कराल का, आणि कशाने अडेल?’ असे विचारणे हा पद्धतीचाच भाग आहे. तो प्रश्न गाळला तर या पायरीवर छंदांची यादी तयार होते. ‘फिरायला जाणे’ हा उत्तम उपाय आहे. पण वसतिगृहाचे दार रात्री बंद होत असेल तर तो त्या वेळी उपलब्धच नसतो.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतील फरक नव्या समुपदेशकांच्या लवकर लक्षात येत नाही. तिसऱ्या पायरीतील माणसाला संकटाबद्दल काही सांगायचे नसते. त्याच्या सोबतीने मन वेगळ्या गोष्टीत गुंतते, एवढेच त्याचे काम. चौथ्या पायरीतील माणसाला मात्र स्पष्ट सांगायचे असते की मी अडचणीत आहे आणि मला मदत हवी आहे. प्रौढ रुग्णांच्या बाबतीत हा फरक करणे बहुधा सोपे जात असावे. विद्यार्थ्याचे जग लहान असते आणि दोन्ही पायऱ्यांवर तेच एक नाव येते, बहुतेक वेळा खोलीतल्या मित्राचे किंवा मैत्रिणीचे. इथे ज्येष्ठ समुपदेशकाने ठाम भूमिका घेतली पाहिजे असे मला वाटते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलावर दुसऱ्या मुलाच्या जिवाची राखण एकट्याने करण्याची वेळ आणणे अन्यायाचे आहे. अशा मुलांची झोप जाते, अभ्यास मागे पडतो, आणि काही दिवसांनी तीच केंद्राच्या दारात उभी राहतात. म्हणून समवयस्क मित्राचे नाव चौथ्या पायरीत असेल तर त्याच्याबरोबर किमान एका मोठ्या माणसाचे नाव असलेच पाहिजे, मग ते शिक्षकाचे असो, मामा-मावशीचे असो किंवा मोठ्या बहिणीचे असो, असा नियम मी सहकाऱ्यांना घालून दिला आहे.

आईवडिलांचे काय, हा प्रश्न दरवेळी निघतो. त्यांचे नाव लिहायला अनेक विद्यार्थी नकार देतात, आणि त्या नकारावर लगेच दबाव आणणे मला मान्य नाही. ‘त्यांना कळले तर काय होईल असे वाटते?’ हे आधी विचारावे. काही वेळा भीती त्यांच्या रागाची नसून त्यांच्या दुःखाची असते, आणि ती बोलून हलकी होऊ शकते. काही वेळा घर हेच त्रासाचे मूळ असते आणि तिथे आग्रह धरणे धोकादायक ठरते. गोपनीयता केव्हा आणि किती मोडावी लागेल हे पहिल्याच भेटीत सांगितलेले असले पाहिजे. जिवाला तातडीचा धोका असताना कोणाला कळवायचे, हे योजनेत कोणाचे नाव आहे यावर अवलंबून नसते.

फॉर्मची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव याच चौथ्या पायरीत आहे. नाव आणि फोन क्रमांक लिहायला जागा आहे, पण त्या व्यक्तीला हे ठाऊक आहे का, तिने होकार दिला आहे का, याची नोंद करायला जागा नाही. ज्याला काहीच कल्पना नाही अशा माणसाला मध्यरात्री फोन गेला आणि त्याने ‘उद्या बोलू’ म्हणून ठेवला, तर त्या दोन शब्दांचे परिणाम फार गंभीर होऊ शकतात. ज्या व्यक्तीशी नुकतेच नाते तुटले आहे तिचेच नाव विद्यार्थी इथे लिहितो असेही होते. तेव्हा ते नाव का नको यावर थांबून बोलावे लागते. शक्य असेल तिथे भेट सुरू असतानाच, विद्यार्थ्याच्या संमतीने, त्या व्यक्तीशी बोलणे करून घ्यावे.

पाचव्या पायरीबद्दल थोडेच सांगायचे आहे. केंद्राचा क्रमांक लिहिला की काम झाले असे समजू नये, कारण केंद्र संध्याकाळी बंद होते आणि सुट्टीतही बंद असते. रात्री उचलला जाणारा क्रमांक हवा, तो विद्यार्थ्याच्या फोनमध्ये नोंदलेला हवा, आणि जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग कोठे आहे हे त्याला ठाऊक हवे. हा मजकूर वाचणारे कोणी स्वतःच अशा अवस्थेत असतील, तर त्यांनी हा फॉर्म शोधून एकट्याने भरत बसू नये. जवळच्या माणसाला, हेल्पलाइनला किंवा तातडीच्या सेवेला लगेच फोन करावा. हा फॉर्म दोघांनी मिळून भरायचा असतो.

सहावी पायरी शेवटी आहे. इतर मार्ग आपल्याजवळ आहेत हे आधी जाणवले की माणूस धोक्याच्या वस्तू दूर करायला अधिक तयार होतो, असा त्यामागचा युक्तिवाद आहे आणि तो मला पटतो. अडचण वेळेची आहे. योजना नीट करायला साधारण २० ते ४५ मिनिटे लागतात असे तिच्या कर्त्यांनीच नमूद केले आहे. समुपदेशकाने भेटीच्या शेवटी फॉर्म काढला तर पहिल्या चार पायऱ्यांतच वेळ संपतो आणि ज्या पायरीचा जीव वाचण्याशी सर्वांत थेट संबंध आहे ती ‘वस्तू दूर ठेवीन’ अशा एका वाक्यात आटोपली जाते. मनातला विचार आणि तो कृतीत आणण्याचे साधन यांच्यात जितके अंतर, जितका वेळ, तितकी लाट ओसरण्याची संधी; त्यामुळे इथे ढोबळ वाक्य चालत नाही. कोणती वस्तू, ती आज कोणाकडे जाईल, किती वाजेपर्यंत, आणि ती गेली हे आपल्याला कसे कळेल, इतके ठरले पाहिजे. म्हणून माझ्याकडे आलेल्या कठीण प्रसंगांत मी क्रम तोच ठेवते, पण या पायरीसाठीचा वेळ आधीच राखून ठेवते, आणि गरज पडली तर दुसरी पायरी आवरती घेते.

वसतिगृहात राहणाऱ्यांच्या बाबतीत ही पायरी आणखी अवघड होते, कारण खोली विद्यार्थ्याच्या एकट्याच्या ताब्यात नसते. वस्तू कोणाकडे द्यायची म्हटले की रेक्टरचे नाव निघते आणि लगेच विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर शिस्तभंगाची भीती दिसते. ही भीती एखाद्या भेटीत समजूत घालून जात नाही. त्यासाठी केंद्राने वसतिगृह प्रशासनाशी आधीच बोलून ठरवून घ्यावे लागते की स्वतःहून सोपवलेल्या वस्तूवरून चौकशी होणार नाही, खोली काढून घेतली जाणार नाही आणि घरी परस्पर पत्र जाणार नाही. अशी समजूत करून घेणे हे ज्येष्ठ समुपदेशकाचे काम आहे, आणि ते केल्याशिवाय सहाव्या पायरीवर जे लिहिले जाते त्यावर माझा विश्वास बसत नाही.

आता पुराव्याकडे वळते. २०१८ मध्ये ‘जामा सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात स्टॅनली, ब्राउन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेले १,६४० रुग्ण त्यात होते. पाच ठिकाणी १,१८६ जणांना सुरक्षा योजना आणि नंतरचे फोन मिळाले, चार ठिकाणी ४५४ जणांना नेहमीची सेवा मिळाली. पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन पहिल्या गटात ३.०३ टक्के, तर दुसऱ्या गटात ५.२९ टक्के दिसले, आणि पहिल्या गटातील लोक पुढच्या उपचारांपर्यंत पोहोचण्याची शक्यताही बरीच अधिक होती. हे आकडे फॉर्मच्या बाजूने सर्रास दिले जातात. देताना दोन गोष्टी सांगायच्या राहतात. हे सर्व माजी सैनिकांच्या सेवेतील रुग्ण होते, त्यांतले बहुतेक पुरुष आणि वयाने प्रौढ, आणि त्यांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. जगात दरवर्षी ७ लाखांहून अधिक माणसे आत्महत्येने मरतात आणि १५ ते २९ या वयात ते मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वयाच्या मुलांना प्रौढांवरचा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होईल असे धरून चालणे बरोबर नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जो फरक दिसला तो कागद आणि फोन या दोहोंचा मिळून होता. पहिला फोन ७२ तासांच्या आत जायचा, किमान दोन फोन व्हायचे, आणि प्रत्येक फोनमध्ये धोक्याची पुन्हा विचारपूस, योजनेत दुरुस्ती आणि पुढच्या भेटीसाठी मदत असे तिन्ही भाग असायचे.

केंद्रे यातला कागद उचलतात आणि फोन सोडून देतात. कागद छापता येतो. फोनसाठी मात्र माणूस, वेळ आणि जबाबदारी लागते. विद्यार्थी पुढच्या आठवड्यात येईल असे गृहीत धरले जाते, तो येत नाही, आणि तो आला नाही हे कोणाच्या लक्षात यायला आणखी एक आठवडा जातो. शिवाय विद्यार्थ्यांचे वर्ष तुकड्यांत विभागलेले असते. सत्र संपते, परीक्षा संपतात, खोली रिकामी करून मुले घरी जातात. सत्रात केलेल्या योजनेतील ग्रंथालय, मैदान आणि खोलीतला मित्र या तिन्ही गोष्टी त्या दिवसापासून हाताशी राहत नाहीत, आणि निकाल मात्र सुट्टीतच लागतात. म्हणून सत्राच्या शेवटी चालू असलेली प्रत्येक योजना पुन्हा काढून, घरी गेल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत काय बदलेल हे विद्यार्थ्याबरोबर लिहिणे, आणि निकालाच्या तारखेच्या आसपास फोन कोण करणार हे नावानिशी ठरवणे, याला मी पर्यवेक्षणातील सर्वांत महत्त्वाचे काम मानते.

नव्या सहकाऱ्यांचे फॉर्म तपासताना मी एक कसोटी वापरते. हा कागद नाव झाकून दुसऱ्या विद्यार्थ्याला दिला तर त्यालाही चालेल का? चालत असेल तर योजना झालेली नाही, फक्त फॉर्म भरला गेला आहे. समुपदेशकाची भाषा कागदावर चटकन ओळखू येते. ‘सकारात्मक विचार करणे’ असे कोणताही विद्यार्थी आपणहून लिहीत नाही. हा फॉर्म धोका मोजण्याचे साधन नाही, हेही पुन्हा पुन्हा सांगावे लागते. तो भरून झाला म्हणजे धोका कमी झाला असे होत नाही. विद्यार्थी नशेत असेल, त्याचे भान सुटलेले असेल किंवा तो कोणत्याही पायरीवर सहकार्य करू शकत नसेल, तर योजना बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञ आणि रुग्णालय यांच्याकडेच जायला हवे.

काही आवृत्त्यांच्या तळाशी जगण्यासारखी वाटणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट लिहायला एक ओळ असते. ती मी सरसकट विचारत नाही. तीव्र नैराश्यात असलेल्या मुलीला त्या क्षणी काहीच आठवले नाही, तर ती रिकामी ओळ तिच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसते. बोलण्याच्या ओघात धाकट्या भावाचा किंवा अर्धवट राहिलेल्या प्रकल्पाचा उल्लेख आला, तर तो तिथे जरूर लिहावा. फॉर्मचा स्वामित्वहक्क त्याच्या कर्त्यांचा आहे आणि परवानगीशिवाय तो छापता किंवा बदलता येत नाही. केंद्रांनी रीतसर परवानगी घ्यावी, आणि कोणी तरी हौसेने बदललेल्या, सहावी पायरी गाळलेल्या प्रती वापरू नयेत. विद्यार्थ्याने कागदाचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे, पण मूळ कागदही जवळ असू द्यावा, कारण फोनची बॅटरी संपते.

परवानगी घेऊन दुरुस्ती सुचवण्याची संधी मिळाली तर विद्यार्थ्यांसाठीच्या आवृत्तीत मी दोन रकाने मागेन. एक चौथ्या पायरीतील प्रत्येक नावापुढे, त्या व्यक्तीशी बोलणे झाले आहे का हे लिहिण्यासाठी. आणि दुसरा पानाच्या अगदी वर, ही योजना पुन्हा कधी आणि कोणाबरोबर पाहायची त्या तारखेसाठी.